पत्थरवाले मास्तरसाहेब

हातात दगड आला की मास्तरसाहेब आधी तो चाटायचे. शेरवानीच्या खिशातून रुमाल काढून दगड पुसायचा, डोळ्यांजवळ न्यायचा आणि मग जिभेचं टोक त्याला हलकेच लावायचं. ओला झाला की दगडाचा खरा रंग उमटतो आणि त्यात चिकणमातीचा अंश असला तर तो जिभेला चिकटतो, हे कारण मला पुढं कळलं. पहिल्या दिवशी आमच्या ओसरीवर त्यांनी तसं केलं तेव्हा माझी अव्वा, म्हणजे आई, उठून आत गेली आणि वाटीत गूळ-शेंगदाणे घेऊन आली. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला भूक लागलीय.

मास्तरसाहेबांनी वाटी घेतली, शेंगदाणे खाल्ले आणि दगड तिच्या हातात दिला. म्हणाले, "अक्का, तुम्ही पण बघा."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद, आमच्या बोलण्यात धाराशिव. वडिलांचं, आप्पांचं, कापडाचं दुकान होतं. अव्वा आळंदकडची, त्यामुळं घरात निम्मं कानडी चालायचं. शाळा उर्दू, बाजार मराठी. मी घरी अभ्यास करून मॅट्रिक झाले होते आणि मला इंटरची परीक्षा द्यायची होती. मुलगे त्यासाठी गुलबर्ग्याला नाहीतर हैदराबादला जात. मुलीला एकटीनं पाठवणं हा विषयच आमच्या घरात निघत नव्हता. पण घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची मुलींना परवानगी आहे, असं कळलं, आणि मी तेवढ्या आधारावर हट्ट धरला. बाकीचे विषय माझे मी वाचू शकत होते. अडलं ते भूगोलाशी आणि त्याच्या जोडीच्या भूगर्भशास्त्राशी. पुस्तक हैदराबादहून आलं, उर्दूतलं, जाडजूड. त्यातले खडकांचे प्रकार मी धडाधड पाठ म्हणून दाखवत असे, आणि त्यातला एकही खडक मला ओळखता येत नव्हता.

मास्तरसाहेब मूळचे हैदराबादचे, आयुष्य विहिरी खोदून देणाऱ्या सरकारी खात्यात गेलेलं. कुठं पाणी लागेल ते सांगत त्यांनी परंड्यापासून उमरग्यापर्यंत सगळा मुलूख पायी तुडवला होता. पेन्शनीत आल्यावर थोडे दिवस मुलांच्या शाळेत ते भूगोल शिकवत. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला नोकरीला. हे दर्ग्याच्या वाटेवर एका खोलीत एकटे राहत. खोलीत एक खाट, एक सुरई आणि भिंतीभर फळ्यांवर दगड, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. गावातली माणसं त्यांना पत्थरवाले साहेब म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टाही असे. आमच्या शेतातल्या विहिरीची जागा त्यांनीच दाखवली होती, म्हणून आप्पांचा त्यांच्यावर विश्वास, आणि मला शिकवायला त्यांनी त्यांनाच बोलावलं. तरी आप्पांनी एक अट घातली. शिकवणी ओसरीवर होईल आणि अव्वा तिथं बसेल.

अशी अव्वा माझ्याबरोबर भूगर्भशास्त्राच्या वर्गात दाखल झाली. तिला अक्षर येत नव्हतं. सुपात ज्वारी घेऊन ती खांबाला टेकून बसायची आणि निवडता निवडता ऐकायची.

मी पुस्तकातलं नाव फेकायला घाई करायचे. दगड दिसला की संग-ए-अमुक, संग-ए-तमुक. मास्तरसाहेब हात वर करायचे. "नाव शेवटी, बेटी. आधी दिसतंय काय ते बोल." मग मी बोलायचे. काळा आहे, जड आहे. "और?" भोकं आहेत. "भोकात काय?" पांढरं काहीतरी भरलंय. "काहीतरी म्हणजे काय, सुई लावून बघ." असं अर्धा अर्धा तास चालायचं. नाव सांगायची पाळी येईपर्यंत कधी कधी नावाची गरजच उरत नसे.

एकदा त्यांनी दोन काळे दगड पुढं ठेवले आणि दोन्हींत फरक काय, असं विचारलं. मला दोन्ही सारखेच दिसत होते. तेवढ्यात अव्वा सुपावरून मान न काढता म्हणाली, "डावीकडचा जात्याचा न्हाय. त्याला टाकी लावली तर भुगा होतंय. पिठात कच येतंय."

मास्तरसाहेबांनी चष्मा काढला. दोन्ही दगड तिच्यापुढं नेऊन ठेवले आणि ती आणखी काय काय सांगते ते खाली बसून ऐकलं. कुठल्या दगडाचा पाटा गुळगुळीत होऊन मसाला वाटेनासा होतो, कुठल्या दगडाची चूल तापून तडकते, अंगण सारवायची पांढरी माती कुठल्या ओढ्याच्या काठाला मिळते. सगळं झाल्यावर मला म्हणाले, "हे लिहून घे. पुस्तकात नाही हे." त्या दिवसापासून मला प्रश्न विचारून झाला की ते अव्वाकडं वळत आणि म्हणत, "अक्का, तुमचं काय मत?" आमच्या घरात अव्वाला तिचं मत तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनीही नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

परीक्षेला एक प्रात्यक्षिक काम लागत होतं. आपल्या भागातल्या जमिनीचा छेद स्वतः बघून, मोजून, काढून न्यायचा. तुमच्यापैकी कुणी नव्या विहिरीचं खोदकाम पाहिलं असेल, तर तुम्हांला ठाऊक आहे की जमिनीचा इतका स्वच्छ छेद दुसरीकडं कुठं मिळत नाही. येडशीच्या वाटेवर आप्पांच्या नात्यातल्या एकांच्या शेतात वडार विहीर खोदत होते. पाच परस, म्हणजे पाच पुरुष, खोल गेली होती आणि नुकतं पाणी पाझरायला लागलं होतं. मास्तरसाहेब म्हणाले, हिला त्यात उतरावं लागेल.

आप्पांनी साफ नकार दिला. तरणी मुलगी, अर्धवट खणलेली विहीर, खाली वडार पुरुष, वरून चार माणसं बघणार. मास्तरसाहेबांनीच उतरून सांगावं आणि मुलीनं वर बसून लिहावं, असं त्यांचं म्हणणं. मास्तरसाहेब वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं की तसंही करता येईल, परीक्षकाला कळणारही नाही. "पण मग ती मी बघितलेलं लिहील, आप्पासाहेब. तिनं बघितलेलं नाही." एवढं बोलून ते छत्री घेऊन निघून गेले.

दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढता वाढता अव्वा म्हणाली, "आधी मी उतरते. मला काय झालं न्हाय तर पोरीला उतरू द्या."

आप्पा भाकरी मोडत म्हणाले, "दोघी उतरा. मी वर उभा राहतो."

त्या सकाळी अव्वानं कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि खडकात खोदलेल्या पायट्यांवर पाय देत ती खरंच माझ्या आधी उतरली. खालच्या निम्म्या भागाला बांबूची शिडी होती. वडारांनी काम थांबवलं आणि कडेला होऊन भिंतीकडं तोंड केलं. त्यांतल्या म्हाताऱ्यानं शिडी धरली. मास्तरसाहेब सत्तरीला टेकलेले, तरी शेरवानी काढून ठेवून आमच्या मागोमाग उतरले.

खाली गारवा होता आणि घोट्याएवढं गढूळ पाणी. मास्तरसाहेबांनी मला वर बघायला सांगितलं. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीच्या गोट्यांची पांढुरकी माती, मग मुरूम, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला कुजका खडक, मग पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा भोकाभोकांचा दगड. आणि आमच्या कमरेच्या उंचीवर, सगळ्या विहिरीला वेढून गेलेला, वीतभर जाडीचा लाल पट्टा. त्याच्या वरच्या काठातून पाणी झिरपत होतं. पट्ट्याखाली पुन्हा काळाकभिन्न फत्तर.

मी एकेक थर मोजून दोरीला गाठी मारल्या, वहीत लिहिलं. लाल पट्ट्यापाशी येऊन अडले. मास्तरसाहेब पाण्यात उभं राहूनच बोलायला लागले. हा खालचा काळा दगड म्हणजे एकदा वाहिलेला वितळलेला रस. तो निवला. मग कित्येक हजार वर्षं काही झालं नाही. ऊन पडलं, पाऊस पडला, त्याची माती झाली, कदाचित तिच्यावर गवतही उगवलं. मग पुन्हा रस आला आणि ती माती भाजून लाल झाली. तो लाल पट्टा म्हणजे दोन आगींच्या मधली विश्रांती.

मी पुस्तकात हे वाचलं होतं. पण तिथं माझा हात त्या ओल्या लाल मातीवर होता. अव्वानंही हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तिनं विचारलं, "साहेब, त्या वक्ताला माणसं होती का?"

"नाही, अक्का. कोणी नव्हतं."

"मग हे बघणारे आपण पयले," अव्वा म्हणाली.

मास्तरसाहेब हसले नाहीत. "हौ," म्हणाले, "या जागी तरी आपण पहिले." वर आप्पा विचारत होते की अजून किती वेळ लागेल.

तो छेद मी चार वेळा काढला. तीन वेळा त्यांनी परत केला. चौथ्या वेळी एकही चूक न काढता खाली तारीख घालायला सांगितली.

मग दिवस बिघडले. तुम्ही त्या काळाबद्दल ऐकलं असेल, मी फार सांगत नाही. माणसं एकमेकांच्या दारातून जाताना मान खाली घालायला लागली. मास्तरसाहेबांना त्यांच्यातले विचारत, तुम्ही तिकडं कशाला जाता. आप्पांना आमच्यातले विचारत, तो माणूस तुमच्या ओसरीवर कशाला. एके दिवशी मास्तरसाहेब आले ते बसलेच नाहीत. आप्पांना म्हणाले की आपल्यामुळं या घराला त्रास व्हायला नको, म्हणून काही दिवस येणं बंद करतो, पण शिकवणी बंद नाही.

ती कशी चालू राहील ते आठवड्यानं कळलं. भाजी घेऊन येणाऱ्या माळणीच्या पाटीत, वांग्यांच्या खाली, कागदात गुंडाळलेला दगड आला. कागदावर तीन प्रश्न होते. मी मागच्या बाजूला उत्तरं लिहिली आणि दगड परत गेला. पुढच्या खेपेला तपासलेला कागद आणि नवा दगड. कागदाच्या तळाशी दर वेळी एक ओळ असे, अक्काचं मत कळवावं. माळीण वैतागून म्हणायची की वांग्यापेक्षा धोंड्याचं वजन जास्त होतंय. पण एकही खेप तिनं चुकवली नाही.

एकदा नाक्यावर पाटी उपसली गेली. दगड आणि प्रश्नांचे कागद बघून तिथल्या शिपायांना संशय आला की ही काहीतरी गुप्त भाषा आहे. मास्तरसाहेबांना बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. संध्याकाळी ते सुटून आले. मागाहून माळणीनं सांगितलं की त्यांनी तिथल्या जमादाराला तोच दगड हातात देऊन सगळा पाठ शिकवला, आणि निघताना जमादारानं आपल्या गावच्या विहिरीला पाणी का लागत नाही ते विचारून घेतलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी निरोप पाठवला की आता दगड पाठवू नका. उत्तरादाखल पुढच्या पाटीतून दगडच आला.

त्यानंतर आप्पांनी आम्हांला हद्दीपलीकडं बार्शीला नातेवाइकांकडं हलवलं. तिथं काही महिने काढले. सैन्य आलं, निजामाचं राज्य गेलं, आणि थोड्या दिवसांनी आम्ही परतलो. मधल्या काळात दोन्हीकडच्या माणसांवर जे गुदरलं ते गावाच्या तोंडावर दिसत होतं. अव्वा सामान सोडायच्या आधी मला घेऊन दर्ग्याच्या वाटेकडं निघाली.

मास्तरसाहेबांच्या खोलीला दार नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, मुलगा येऊन त्यांना वेळेवर घेऊन गेला, ते जिवंत आहेत. खोली मागाहून लुटली गेली होती. खाट नव्हती, फळ्या नव्हत्या. लुटणाऱ्यांना दगडांचा काय उपयोग, त्यांनी ते गल्लीत फेकले होते. चाळीस वर्षांचे दगड नाल्यात, उंबऱ्यापाशी, बोळाच्या तोंडाशी पडले होते. चिठ्ठ्या कधीच गेल्या होत्या.

अव्वा खाली बसली आणि पदरात दगड गोळा करायला लागली. मीही बसले. येणारी जाणारी माणसं बघत होती. एकानं विचारलं, काय हरवलंय. अव्वा म्हणाली, "मास्तरांचं हाय, गोळा करतोय." त्या माणसानं नाल्यातले चार दगड काढून आणून दिले आणि तो आपल्या वाटेनं गेला.

ते दगड धुऊन आम्ही ओसरीवर मांडले आणि पुढचे दोन महिने त्यांची नावं लावली. पुस्तक माझ्या मांडीवर, दगड अव्वाच्या हातात. हा त्यांनी आपल्याला परंड्याच्या किल्ल्याजवळचा म्हणून दाखवला होता. हा पाटीतून आला होता, पावसाळ्यात. ज्याचं काहीच आठवेना, त्याचं आधी वर्णन लिहायचं आणि नाव मोकळं सोडायचं. माझा इंटरचा खरा अभ्यास त्या दोन महिन्यांत झाला.

परीक्षा हैदराबादला होती. उर्दूत उत्तरं लिहायची मुभा अजून होती. आप्पांनी मास्तरसाहेबांच्या मुलाचा पत्ता मिळवून पत्र टाकलं आणि मी, अव्वा आणि दगडांची लोखंडी पेटी असे तिघं नळदुर्ग-उमरग्यावरून बसनं हैदराबादला पोचलो. उतरलो तर मास्तरसाहेब समोर छत्री घेऊन उभे. फार वाळले होते. अव्वानं पेटी उघडून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी एकेक दगड काढून चिठ्ठी वाचली. दोन नावं चुकली होती, ती त्यांनी तिथंच खोडून बरोबर केली. एका दगडापाशी थांबून म्हणाले की हा माझा नाही, हा गल्लीतला गटाराचा दगड आहे. अव्वा ओशाळली. त्यांनी तोही पेटीत परत ठेवला. मग पेटीवर दोन्ही हात ठेवून ते इतका वेळ बसले की आम्ही दोघी दुसरीकडं बघायला लागलो.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्या हातात एक दगड दिला. गुलाबी, राखी, त्यात चमकणारे काळे कण. मी असा दगड कधी पाहिलाच नव्हता. आमच्या मुलखात सगळीकडं काळा फत्तर. नाव आठवेना. मग मी दिसेल ते बोलायला सुरुवात केली. तीन प्रकारचे दाणे आहेत. एकमेकांत घट्ट अडकलेत. भोकं नाहीत. दाणे डोळ्यांना दिसण्याएवढे मोठे, म्हणजे हा जमिनीच्या पोटात फार सावकाश निवलाय, आमच्याकडच्यासारखा वर वाहून झटकन नाही. परीक्षकांनी विचारलं, नाव? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं की शिकवलं कुणी.

बाहेर आले. मास्तरसाहेब आणि अव्वा कंपाउंडच्या भिंतीला टेकून सावलीत बसले होते. मी रडत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "संग-ए-खारा," ते म्हणाले, "ग्रॅनाइट. माझं चुकलं, बेटी. बचपन से इसी पत्थर पे चला, इसलिए दिखाना याद नहीं आया." आणि ज्या भिंतीला सकाळपासून आम्ही टेकत होतो तिच्यावर त्यांनी हात ठेवला. ती सगळी भिंत त्याच दगडाची होती.

आधी अव्वा हसली. मग आम्ही तिघंही.

मी पास झाले. पुढं बी. ए., बी. टी. केलं आणि तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला. दर वर्षी एकदा त्यांना चालू खोदकामाच्या विहिरीवर नेलं, आणि दर वर्षी कुणा ना कुणा वडिलांची समजूत घालावी लागली.

मास्तरसाहेबांची आणि माझी ती हैदराबादची गाठ शेवटची. बसच्या खिडकीशी येऊन त्यांनी अव्वाला सलाम केला. अव्वानं पहिल्यांदाच त्यांना साहेब न म्हणता "अण्णा, जपून राहा," म्हटलं. आमच्या बोलीत तो थोरल्या भावाला म्हणायचा शब्द. त्यांना तो कळला असावा, कारण बस सुटली तरी ते छत्री मिटूनच उन्हात उभे होते.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचं कार्ड आलं. उर्दूत होतं. सकाळच्या नमाजानंतर शांतपणे गेले, तुम्हां दोघींची आठवण काढत असत, एवढाच मजकूर. मी अव्वाला तो मराठीत सांगितला. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाली, "आता जसं लिवलंय तसं वाच. त्यांच्या बोलीत."

मी वाचलं. तिला त्यातले निम्मे शब्द समजत नव्हते. ती खांबाला टेकून, डोळे मिटून, शेवटच्या सहीपर्यंत ऐकत राहिली, आणि मी थांबले तेव्हा तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.